एक हर्निया आणि सात नोकर

तिजोरी एकट्याने सरकवायची, असं मी ठरवलं. झालं एवढंच. पुढे कंपनी निघाली, आमच्यात निवडणूक झाली, दोन पुढारी फोटो काढून गेले आणि माझी बायको मॅडम झाली, ते सगळं या एका ठरवण्यातून निघालं.

माझा धंदा कुलपांचा. किल्ल्या बनवतो, अडकलेली दारं सोडवतो, किल्ली हरवून बसलेल्या शहाण्यांना त्यांच्याच घरात पोचवतो. शिक्षण सातवी (सातवी दोनदा केली, म्हणजे हिशेबाने आठवीच). वय सदुसष्ट. आणि आयुष्यात एक दिवस कुणाची नोकरी केली नाही. हे मी भेटेल त्याला सांगतो. बायकोचं म्हणणं, न भेटणाऱ्यालाही हाक मारून सांगतो.

तर ती तिजोरी. एका गिऱ्हाइकाने दुकानात आणून टाकली होती. बायको म्हणाली, दोन माणसं बोलवा. मी म्हटलं, मी माझा मालक आणि मीच माझा हमाल. कंबर वाकवली, जोर लावला. तिजोरी चार बोटं हलली. माझ्या पोटाखालचं मात्र काहीतरी चांगलं हातभर हललं. हात लावून बघतो तर लिंबाएवढं एक टेंगूळ बाहेर येऊन जगाकडे बघतंय. (तिजोरी नंतर उघडली. आत तिचीच दुसरी किल्ली निघाली, कापडात गुंडाळून जपून ठेवलेली.)

दुसरा कुणी घाबरला असता. मला मोठं कुतूहल वाटलं. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. चाळीस वर्षं कुलपांच्या स्प्रिंगा बदलणाऱ्या माणसाला याचं कौतुक वाटणारच. आमच्या रांगेत सात गाळे आहेत. मी सगळ्यांकडे जाऊन खोकून दाखवलं. शेजारच्या सलूनवाल्याने दोनदा बघितलं. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून बघितलं. शिवणकामवालीने मान फिरवली आणि पँट सैल करून हवी असेल तर उद्या या म्हणाली.

डॉक्टरने मात्र कौतुक केलं नाही. म्हणाला, हा हर्निया. आत जातोय तोवर ठीक आहे, एक दिवस बाहेर येईल आणि अडकेल, मग जिवावर बेतेल, त्याआधी ऑपरेशन करून घ्या. मी त्याला अकरा प्रश्न विचारले. त्याने मला एकच विचारला, विमा आहे का?

विमा! विमा असतो नोकरीवाल्यांना. आम्हाला सकाळी कुणी हाक मारत नाही, संध्याकाळी कुणी अडवत नाही, आणि आजारी पडलो तर कुणी विचारत नाही. हा सौदा मी तरुणपणी खुशीने केला होता. तेव्हा पोटातला माल पोटातच होता.

घरी बायकोने तिच्या भाच्याला बोलावून घेतलं. भाचा विमा एजंट आहे. त्याचा चेहरा कायम असा, की समोरचा माणूस नुकताच वारला आहे आणि कागदपत्रं तेवढी राहिली आहेत. त्याने सांगितलं की काका, तुम्ही स्वयंरोजगारवाले, त्यात वय झालेलं, त्यात आजार आधीचा. आज पॉलिसी काढली तर हर्नियाला तीन वर्षं थांबावं लागेल.

"विचारून सांगतो त्याला," मी म्हटलं आणि खोकलो.

भाचा हसला नाही. बायकोही हसली नाही. तिने मनात सगळं मांडून ठेवलं होतं. ऑपरेशन स्वतःच्या खर्चाने करायचं तर गाळा विकावा लागणार.

"आणि गाळा गेला तर हे दिवसभर घरी बसणार," ती भाच्याला हळूच म्हणाली. इतका घाबरलेला तिचा आवाज मी लग्नानंतर प्रथमच ऐकला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे निवडणुकीची धामधूम सुरू होती. एक उमेदवार हात जोडत गाळ्यांपाशी आला. त्याचं वचन असं, की निवडून आल्यावर प्रत्येक स्वयंरोजगारवाल्याला आरोग्य कार्ड. मी विचारलं, कधी? म्हणाला, शंभर दिवसांत. मी विचारलं, शंभर दिवस कधीपासून मोजायचे, मत टाकल्यापासून की तुम्ही खुर्चीत बसल्यापासून? त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रश्न फार चांगला आहे असं सांगितलं आणि तो चपलावाल्याकडे गेला. दुपारी दुसरा आला. त्याचं म्हणणं, आम्ही रोजगारच इतका वाढवू की स्वयंरोजगार कुणी करणारच नाही. म्हणजे एकाच्या राज्यात मला कार्ड मिळणार आणि दुसऱ्याच्या राज्यात मी उरणारच नाही. दोघांची पत्रकं मी घेतली. कुलपात तेल सोडताना खाली पसरायला कागद बरा होता.

वाट काढली ती शेवटी भाच्यानेच. तो म्हणाला, एका ठिकाणी सात नोकर असतील तर त्यांचा एकत्र विमा निघतो, नवरा-बायकोसकट. त्यात आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात.

सात नोकर! आमचे गाळे किती? सात. मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना माझ्या दुकानात गोळा केलं. सलूनवाला, शिवणकामवाली, घड्याळवाला, चपलावाला, फ्रेमवाला, पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा वायरमन आणि मी. सगळ्यांचीच काही ना काही कुरकुर होती, कुणाचा गुडघा, कुणाची साखर, त्यामुळे कल्पना लगेच पटली. सात धंद्यांची मिळून एक कंपनी, नाव 'सर्व दुरुस्ती'. सलूनवाला अडून बसला, की मी काय दुरुस्त करतो? मी म्हटलं, तुझ्याकडून बाहेर पडणाऱ्या माणसाला दुरुस्ती लागतेच, तेवढं पुरे.

खरी पंचाईत पुढे आली. नोकर सात, पण मालक कोण? मतदान घेतलं. माझ्या जुन्या डब्यात सात चिठ्ठ्या पडल्या. उघडल्या तर सात उमेदवार, प्रत्येकाला एक मत. प्रत्येकाने आपल्यालाच दिलेलं. शिवाय जो मालक होईल तो नोकर राहत नाही, मग विमा कसला? हे भाच्याने सांगितल्यावर सातही विजयी उमेदवारांनी माघार घेतली. एवढ्यात बायको चहा घेऊन आली. चहा आणणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. वहिनी मालकीण, एकमताने मंजूर.

मला वाटलं, कागदापुरतं आहे. बायको दुसऱ्या दिवशी हजेरीची वही घेऊन आली.

आम्ही दोघं घरातून एकाच वेळी निघतो. ती माझ्यापुढे चार पावलं चालते, चार पावलं आधी पोचते, आणि मला लाल शाईने उशिराची खूण करते. आठवड्यात माझ्या सहा खुणा झाल्या. मी विचारलं, रजा असते का? ती म्हणाली, अर्ज द्या. अर्ज कसा लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. मोठ्या हौसेने लिहिला. तिने शुद्धलेखनाच्या चुकांवर गोल करून परत दिला.

मग भाचा निरोप घेऊन आला, की विमा कंपनीचे साहेब तपासणीला येणार. सात माणसं खरंच एका ठिकाणी नोकर आहेत का, ते बघणार.

आता सांगा, नोकर कसा वागतो हे आम्हाला काय माहीत? सातही जणांची हयात स्वतःच्या मर्जीत गेलेली. सलूनवाल्याने मात्र कधीकाळी अकरा दिवस नोकरी केली होती, म्हणून तो आमचा तज्ज्ञ ठरला. त्याने तालीम घेतली. मालक दिसला की उठून उभं राहायचं, मालकाबद्दल विचारलं की कौतुक करायचं, कामाबद्दल विचारलं की आनंद आहे म्हणायचं. (त्याला बाराव्या दिवशी काढून का टाकलं होतं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.)

साहेब आले ते सकाळी दहाला. बारीक माणूस, खिशात दोन पेनं, पायात आवाज न करणारे बूट. आम्ही नऊपासून आपापल्या गाळ्यात टाचा जुळवून उभे. बायको माझ्या दुकानातल्या खुर्चीवर वही उघडून बसलेली. साहेब एकेकापाशी गेले. इथे कसं वाटतं? सलूनवाला म्हणाला, स्वर्ग. शिवणकामवाली म्हणाली, मॅडम म्हणजे देवमाणूस. चपलावाला म्हणाला, सुट्टीच्या दिवशी करमत नाही. वायरमनचे तर डोळे भरून आले. (त्याने कांदा वापरला होता हे नंतर कळलं.)

साहेब माझ्या दुकानात आले, पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"बाई, मी अठरा वर्षं तपासण्या करतोय," ते अगदी मवाळपणे म्हणाले. "मालकाबद्दल चांगलं बोलणारा नोकर मी अजून बघितलेला नाही. इथे सहाच्या सहा निघाले. हे लोक नोकर नाहीत."

बायकोचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांपुढे गाळा विकला गेला. काहीतरी करावं म्हणून मी जुन्या कुलपांनी भरलेली पेटी उचलायला वाकलो.

"खाली ठेवा ती," बायको म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"तुम्हाला कुणी शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती." ती खुर्चीवरून उठली होती आणि साहेब तिथे आहेत हे बहुतेक विसरली होती. "दोन माणसं बोलवा म्हटलं होतं मी. तर म्हणे मी माझा मालक. असला मालक कुणाला मिळू नये. ताप असला तरी दुकान उघडायला लावतो, सणक भरली तरी सोडत नाही. चाळीस वर्षांत एक दिवस रजा नाही. आणि आता पोट हातात धरून फिरताय, तर गावभर खोकून दाखवताय."

दुसरा नवरा गप्प बसला असता. मी म्हटलं, "रजा मागितली तर शुद्धलेखन तपासतेस तू. चार पावलं आधी येऊन माझ्या नावावर लाल शाई ओततेस."

"वेळेवर या मग."

"तुझ्यासोबतच येतो की."

साहेबांनी पेन बाहेर काढलं होतं. ते एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते आणि चेहऱ्यावर, कसं सांगू, आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखा आनंद होता.

"हे खरं," ते म्हणाले. "हे दोघं नक्की मालक आणि नोकर."

हे ऐकताच बाकीच्या सहा जणांना कंठ फुटला. मॅडम पंखा लावून देते म्हणून सहा महिने झुलवतात, असं फ्रेमवाला म्हणाला (कंपनीला तेव्हा नववा दिवस होता). शिवणकामवाली म्हणाली, देवमाणूस कसली, चहात साखरसुद्धा मोजून घालते. वायरमन पुन्हा रडला, या वेळी कांद्याशिवाय. साहेब भराभरा लिहीत होते आणि मधूनच गालात हसत होते. माझ्या नावापाशी येऊन ते थांबले.

"वय?"

"सदुसष्ट," मी अभिमानाने म्हटलं.

"पासष्टच्या पुढे नोकर धरत नाहीत. हे बाद. मग उरले सहा."

भाच्याने अर्जाकडे बघितलं, मग छताकडे. विमा एजंटने वय बघायचं नाही तर बघायचं तरी काय? साहेबांनी बायकोला विचारलं, तुमचं वय? तिने अठ्ठावन्न सांगितलं. (अठ्ठावन्नच आहे. मी समोर होतो, म्हणून तिला कमी करून सांगता आलं नाही.)

"मग उलटं करा," साहेब म्हणाले. "हे मालक. मालकाला वयाची अट नाही. तुम्ही सातव्या नोकर. आणि नोकराच्या नवऱ्याला, वय काहीही असो, विमा लागू होतो."

बायकोने वही मिटली. "म्हणजे काम मी करायचं आणि मालक हे. त्यासाठी कागद कशाला हवा होता?"

सही झाली. पॉलिसी आली.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. निवडणुकीला चार दिवस राहिले होते. दुसऱ्या उमेदवाराने आमच्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि पत्रकात छापलं, की एका रांगेत सात नवे रोजगार निर्माण. संध्याकाळी पहिला आला, त्याच जागी फोटो काढला आणि छापलं, की एका रांगेत सात व्यवसाय बंद पडले. मी दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून बराच वेळ वाचली. खोटं कुठलंच नव्हतं. मजा वाटली. कोण निवडून आलं ते सांगत नाही. कार्ड अजून यायचं आहे.

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलात गेलो. नर्स तरुण होती. माझ्या मनगटाला पट्टी बांधताना तिने सहज विचारलं, आजोबा, काय करता तुम्ही? ही संधी मी सोडतो काय! मी उशीवर जरा वर सरकलो आणि सांगितलं, सात नोकर असलेल्या कंपनीचा मालक आहे, आयुष्यात कुणाची नोकरी केली नाही, कुणाच्या जिवावर जगलो नाही.

नर्सने हातातला कागद बघितला. मग पट्टी बघितली. मग माझ्याकडे.

"इथे तर 'पत्नीवर अवलंबून' लिहिलंय," ती म्हणाली. "यातलं बरोबर काय?"

"दोन्ही बरोबर आहे," बायको म्हणाली आणि माझ्या पिशवीतून चष्मा, कवळी आणि हजेरीची वही बाहेर काढून टेबलावर ठेवली.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे काही उचलायचं नाही, घरी पडून राहायचं. शुद्धीवर येऊन बघतो तर बायको वहीत काहीतरी लिहीत होती. मला एकदम भरून आलं. चाळीस वर्षांत मला मिळालेली ही पहिली रजा. मी म्हटलं, दाखव तरी माझ्या नावापुढे काय लिहिलंस.

तिने वही वळवून दाखवली. रजा तिने स्वतःचीच टाकली होती, सहा आठवड्यांची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मालक घरी आहेत.'