शाबूबाबची बिनजाहिरातीची दुनिया

शाबूबाब रोज सकाळी चष्म्याच्या आधी कात्री शोधतो. पेपर आला की तो आधी त्यातल्या जाहिराती कापून काढतो. गाद्या, फ्लॅट, सोनं, गुडघ्याचं तेल, सगळं खाली पडतं आणि मग उरलेल्या जाळीतल्या बातम्या तो मन लावून वाचतो. गणेश चवथीच्या आधी तर पहिल्या पानाची नुसती चौकट उरते आणि तिच्यातून पलीकडे तांदूळ निवडणारी त्याची बायको दिसते. जाहिरातीच्या पाठीमागे जे छापलेलं असेल, ते गेलं. एकदा आमच्या आमोणे गावात दोन दिवस नळ बंद राहणार ही सूचना गाद्यांच्या पाठीला आली होती. अख्ख्या वाड्यानं पाणी भरून ठेवलं आणि शाबूबाब अंगाला साबण लावून मोरीत उभा राहिला. तरी कात्री सुटली नाही.

मी सांखळीच्या हायस्कुलात शिकवते आणि शाबूबाबच्या शेजारी राहते. माझं जनेल उघडलं की समोर त्याचा बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा कट्टा, त्यामुळे त्याचे सगळे प्रयोग मला घरबसल्या बघायला मिळतात. तो फेरीबोटीवर होता. उभा जन्म मांडवीच्या या काठावरून त्या काठावर गेला. निवृत्त झाल्यावर त्यानं जाहिरातींशी उघड भांडण सुरू केलं. कॅलेंडरवरचं दुकानाचं नाव कापलं. फुकट मिळालेला सिमेंटचा टी-शर्ट उलटा करून घातला. घरातल्या बाटल्यांची लेबलं काढली, तेव्हा मात्र वयनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या आमटीत व्हिनेगार ओतून त्याला अद्दल घडवली.

त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. कोणी काही फुकट मिळतं म्हटलं की तो बोट वर करतो. "पयसे दिना तो गिरायक न्हय. मागीर वस्त कोण, तें पळय!"

म्हणजे तू पैसे देत नसशील, तर विकायला ठेवलेली वस्तू तूच. मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्या पोरांना, रील बघत भाजी करपवणाऱ्या सुनांना, सगळ्यांना त्यानं हे ऐकवून झालंय. मी एकदा म्हटलं, "पण शाबूबाब, तुमच्या फेरीत चालत येणारा फुकटच जायचा की!"

"फेरयेक सरकार पयसे दिता. हांगा कोण दिता? तुजे दोळे!" म्हणजे इथं किंमत मोजतात ते माझे डोळे.

वयनी त्याहून हुशार. तिनं विचारलं, सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत येतो, ती जाहिरात नव्हे काय? शाबूबाबनं तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी उंडे, म्हणजे गोल पाव, घेताना त्यानं निकाल दिला. "पदेर आपलो पाव विकता. म्हाका विकिना."

अशा माणसाला एक अॅप मी दाखवलं, ही माझीच चूक. कुठंतरी वाचलं होतं, ओळखीच्या माणसांनी एकमेकांसाठी लिहायचं, वर्गणी भरून चालणारं, एकही जाहिरात नसलेलं. पहिला महिना कोणालाही नुसतं बघायला, पुढं वर्षाची वर्गणी. एका वर्गणीत घरची सहा माणसं. नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. वाड्यावर सगळे त्याला 'शाबूबाबचें' म्हणू लागले.

काय तो आनंद! दुसऱ्याच दिवशी हा माणूस फोन हातात उंच धरून थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. "संपता गो! हें संपता!"

मला वाटलं, बॅटरी. तसं नव्हतं. खाली सरकवत गेलं की त्या अॅपवर शेवट येतो आणि तिथं लिहिलेलं असतं, 'एवढंच. सगळं वाचून झालं.' शाबूबाबनं ते मला चारदा सरकवून दाखवलं. आधी तो बघायचा त्या दुसऱ्या फुकटच्या ठिकाणी म्हणे बोट झिजलं तरी तळ लागत नाही. इथं मात्र ज्यानं शेवटी लिहिलं तो वर, त्याच्या आधीचा खाली, मध्ये कोणी अनोळखी माणूस नाही, कोणी मध्येच काही घुसडत नाही. "रांक आसा, रांक!" म्हणजे रांग आहे, असं म्हणत तो माझ्या ओट्याभोवती फिरत होता. आपल्या माणसानं लिहिलेलं चुकणं शक्यच नाही, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की माझं दूध उतू गेलं.

आणखी एक गंमत म्हणजे तिथं किती जणांना आवडलं याचा आकडाच दिसत नाही. वयनीनं खतखत्याचा, म्हणजे मिसळीच्या भाजीचा, फोटो टाकला आणि दिवसभर वाट बघितली. शेवटी संध्याकाळी वाड्यावरच्या दोघी तिघी वाटी घेऊनच आल्या, आवडलं म्हणून सांगायला. आणि वैताग आला तर आपलं सगळं सामान उचलून बाहेर पडायचीही सोय आहे, मागं काही उरत नाही. "भाड्याची कूड सोडटना करता तशें," असं भाड्याच्या खोलीचा दाखला देऊन शाबूबाबनं मला समजावलं.

त्यानं पहिलं आमंत्रण पाठवलं ते मुलीला. सुलू आयर्लंडला नर्स आहे, दोन वर्षं झाली. बापाच्या वळणाची, मानी. फोनवर विचारलं की "बरें आसा" म्हणते आणि ठेवते. आमंत्रण महिनाभर चालतं, मग आपोआप रद्द होतं. पंधरा दिवस गेले, वीस गेले, सुलू आली नाही. शाबूबाब रोज सकाळी बघायचा, तिच्या नावापुढं 'वाट पाहत आहे' एवढंच असायचं. मग त्याच्या डोक्यानं घेतलं की रिकाम्या घरात कोण येईल? आधी घर भरायला हवं. सगळा वाडा तिथं बसलेला दिसला की पोरगी आपणहून येणार.

आमंत्रणं फोनवरून पाठवता येतात. मी तसं सांगितलं, तर तो माझ्यावरच उखडला. "आमंत्रण फोनार? चवथीक गणपतीक मिस कॉल मारतलो?"

आणि तो निघाला. धुतलेला पायजमा, हातात स्टीलचं ताट, ताटात नारळ, विडा आणि एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेली लिंक. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "आयतारा चार वरांचेर सगळ्यांनी एकदम येवचें." तीन दिवसांत बावीस घरं केली. रविवारच का, तर सुलूच्या आमंत्रणाचा महिना त्याच दिवशी संपत होता.

आता आमच्याकडे उंबऱ्यावर नारळ ठेवला की त्या घरातल्या एका तरी माणसानं जातीनं जायचं असतं. न जाणं म्हणजे नारळ परतवणं, आणि तसं केलं तर पुढच्या लग्नात आपल्या दारी कोण येईल? रविवारी चार वाजता शाबूबाब फोन घेऊन बाल्कांवात सज्ज बसला होता, तर फाटकातून माणसं आत यायला लागली. इस्त्रीचे कपडे, केसांत अबोली, कोणी तर हातात फुलांचा पुडा.

"हांगा न्हय रे, थंय येवंक सांगिल्लें!" शाबूबाब फोनकडे बोट दाखवत ओरडला.

"नाल्ल हांगाच्या घरांतल्यान आयिल्लो," जयवंत म्हणाला. तो कोपऱ्यावरचा वेल्डर, आणि मुद्द्याचं बोलणारा. नारळ ज्या घरातून आला, तिथंच जायचं.

वयनीनं नवऱ्याला गप्प केलं आणि चहाचं आधण ठेवलं. उंडे आले, पातळ भाजी झाली. माणसं आलीच होती, तर शाबूबाबनं त्यांना ओळीनं बसवलं, एकेकाला त्या अॅपवर चढवलं आणि स्टुलावर उभा राहून लिहायचा हुकूम सोडला, "आतां बरयात!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाल्कांवात इतकी शांतता मी आरतीनंतरही बघितली नव्हती. पहिला मजकूर जयवंतचा आला, त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मेव्हण्यासाठी: 'मातसो कुशीक सर', म्हणजे जरा बाजूला सरक. मेव्हण्यानं लिहिलं, 'सुवात ना', जागा नाही. मग जो हशा उसळला! बायका एकमेकींना समोरासमोर बसून 'कशी आहेस' विचारत होत्या, ऐंशीच्या शांतामावशीनं भाजीत मीठ कमी असल्याचं लेखी कळवलं आणि वयनीनं आतून ओरडून उत्तर दिलं. इतकं हसून किती वर्षं झाली होती कोण जाणे. शाबूबाब सगळं रांगेत येताना बघत होता, आणि दर दोन मिनिटांनी एकच नाव उघडून बंद करत होता.

सहाच्या सुमारास मंडळी पांगली. मी पेले गोळा करायला थांबले. शाबूबाब पायरीवर बसला होता आणि त्याचा चहा तसाच गार झाला होता. मी म्हटलं, "येईल हो सुलू. कामावर असेल."

त्यानं पेला बाजूला सरकवला. मग त्यानं सांगितलं ते मला नवीन होतं. तिथल्या पहिल्या थंडीत सुलू आजारी पडली होती. खोलीत एकटी, ताप उतरेना. तिनं त्या फुकटच्या ठिकाणी लिहिलं होतं, हांगा कोणूच ना, कोणेंय उलयात, म्हणजे कोणीतरी बोला माझ्याशी. ते शाबूबाबला दिसलं एकोणीस दिवसांनी.

"दिसाक तीन फावट हांव उगडून पळयतालों गो," तो म्हणाला. "म्हाका मिक्सर दाखयताले." दिवसातून तीनदा बघून दिसली ती मिक्सरची जाहिरात.

त्यानं फोन केला तेव्हा ती बरी होऊन कामावर गेली होती. तिनं विचारलं, पपा, तुमी पळयलें ना? म्हणजे, बघितलंच नाही? तेव्हापासून ती "बरें आसा" म्हणते.

त्याच्या कात्रीवर मी इतके दिवस हसत आले होते. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सुलूचं आमंत्रण उघडून बघितलं. आमंत्रणाबरोबर चार ओळी लिहायची जागा असते, मागाहूनही लिहिता येतं. बावीस घरी नारळ ठेवून आलेल्या या माणसानं मुलीच्या आमंत्रणात एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"शाबूबाब, लिहा इथं. तुमचं ते वस्त कोण वगैरे नको."

एका बोटानं लिहायला त्याला पाव तास लागला. तीनदा पुसलं. शेवटी दोनच ओळी राहिल्या. 'सुलू, म्हाका दाखयलें ना. पूण हांवें सोदपाक जाय आशिल्लें.' दाखवलं नाही हे खरं, पण शोधायला त्याला कोणी अडवलं होतं? हे त्यानं स्वतः लिहिलं, आजवर जगाला दोष देऊन झाल्यावर. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि डोळ्यांत पाणी आलं.

ओळी पाठवून आम्ही दोघं सुलूच्या नावाकडे बघत बसलो. वयनी दारात येऊन उभी राहिली. किती वेळ गेला आठवत नाही, पण 'वाट पाहत आहे' नाहीसं झालं आणि रांगेत सगळ्यात वर, शांतामावशीच्या मिठाच्याही वर, एक ओळ आली. 'पपा, हांव आयलें. हांगा कितलीं मनशां!'

शाबूबाबनं ती मोठ्यानं वाचली, फोन माझ्या हातात कोंबला आणि अनवाणी फाटकाबाहेर धावत सुटला. हातातल्या फोनवर एक शब्द लिहिला असता तर बावीस घरांना कळलं असतं. पण तो घरोघर जाऊन ओरडत होता. "सुलू आयलें रे! आमगेलें सुलू आयलें!" दारं उघडल्याचे आवाज मला इथवर येत होते.

फोनवर पुढची ओळ उमटली. 'पपा खंय गेले?'

'तूं आयल्याचें सांगपाक वाड्यार गेल्यात,' मी लिहिलं. 'येतले मातशान. रावशी मगो?' थांबशील ना, एवढंच मला विचारायचं होतं.

वयनी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

'रावतां,' सुलूनं लिहिलं.