बस्त्यावचे दोन हात

बस्त्याव आमच्या घरी आला की माणसांना नमस्कार करत नाही. मागच्या दाराने येतो, चपला काढतो, आणि पडवीतल्या यंत्रासमोर उभा राहून डोळे मिटतो. उजवा हात यंत्रात जाणाऱ्या पाण्याच्या पाइपावर, डावा बाहेर येणाऱ्या पाइपावर. मग मनात साठपर्यंत मोजतो. तोवर त्याच्याशी बोलायचं नाही. एकदा मी मध्येच चहा विचारला, तर त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मुलांनो, हे यंत्र तुम्ही अजून पाहिलेलं नाही. तुमच्या आजोबांना, म्हणजे अप्पांना, झटका येऊन गेल्यापासून डॉक्टरांनी त्यांची खोली थंड ठेवायला सांगितली आहे. साधा एसी शिरोड्याच्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. आमच्याकडच्या दोन एसींच्या बाहेरच्या पेट्या गंजून गळून पडल्या. म्हणून तुमच्या बाबांनी विहिरीच्या पाण्यावर चालणारा हा हीट पंप बसवून घेतला. खोलीतली उष्णता तो पाण्यात सोडतो आणि ते कोमट पाणी मागच्या माडांना जातं. पाणी कमी पडलं की उष्णता आत तुंबते, गॅसचा दाब चढतो आणि यंत्र बंद पडतं. बंद पडून गप्प बसत नाही, तुमच्या बाबांच्या मोबाइलवर तिकडे परदेशात चुगलीही करतं.

यंदा मे महिन्यात ते जवळजवळ रोज बंद पडू लागलं. तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, अजून आठ दिवस बघतो. नाही सुधारलं तर तुम्हा दोघांना पुण्याला हलवू. तिथे चोवीस तास माणसं असतात." त्या जागेचं माहितीपत्रकही त्यांनी पाठवलं. मी ते छापून घेतलं, भोकं पाडून फायलीत लावलं आणि फाइल कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

पहिला मेकॅनिक घाईत आला, गॅस कमी असेल म्हणाला आणि भरून गेला. दुसऱ्या दिवशी दाब आणखी चढला. मग बांद्याच्या एका ओळखीच्या बाईंनी बस्त्यावचं नाव सुचवलं. हा आमच्याच गावचा, समुद्राच्या बाजूला एकटा राहणारा. सारं आयुष्य बोटींवरच्या थंड खोल्या सांभाळण्यात गेलेलं.

त्याने हात ठेवले, मोजलं, आणि डोळे उघडून म्हणाला, "ह्येच्यात गॅस कोणी घातलो?"

मी सांगितलं.

"ताप इलेल्या माणसाक कोण जेवण कोंबता, बाई? गॅस मगे. आदी पाणी."

हे त्याचं ब्रीद. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर "आदी पाणी". त्याच्याकडे दाब मोजायची घड्याळं आहेत, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेली, पण ती तो हातांची साक्ष काढायला म्हणून शेवटी वापरतो. "एक हात थंड, दुसरो कोमट, म्हणजे संसार बरो चल्लोहा. दुसरो भाजलो, तर पाणी खंयतरी अडला."

त्याने जास्तीचा गॅस काढला. गाळणी उघडून धुतली. आतल्या नळ्यांवर क्षार बसला असेल म्हणून एक अख्खी सकाळ त्यांतून औषधाचं पाणी फिरवलं. प्रत्येक वेळी दोन्ही हात खूश झाले. आणि प्रत्येक वेळी दुपारी यंत्र बंद पडलं. आठांतले चार दिवस गेले. मी रात्री फायलीतलं ते माहितीपत्रक काढून वाचू लागले. त्यात एक बाग होती, तिच्यात एकही माड नव्हता.

पाचव्या दिवशी बस्त्यावने माझी वही मागितली. यंत्र कधी बंद पडलं ते मी तारीखवार लिहून ठेवते. पानावर बोट फिरवत तो म्हणाला, "रोज सव्वातीन. फक्त गुरवारी नाय. मशीनीक गुरवार कळता काय, बाई?"

"गुरुवारी तीन वाजता अप्पांच्या हाताचा व्यायाम घ्यायला मुलगी येते," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच अप्पांच्या खोलीकडे बघितलं.

बस्त्यावने वही मिटली. "उद्या मी हयसरच बसतलंय. माका एक खुर्ची दिया. आणि सोलकढी."

दुसऱ्या दिवशी जेवून तो केळीच्या झाडांआड खुर्ची टाकून बसला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. तीन वाजता अप्पा झोपेतून उठले, बनियनवरच मागे आले. पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी झालेला माणूस; तपासणीला आल्यासारखे माडांच्या आळ्यात पडणाऱ्या धारेकडे बघत राहिले. "पाणी वाया चाललंय," ते स्वतःशी म्हणाले. विहीर तळाला गेलेली असताना धार अशी सुटलेली त्यांना बघवेना. वाकून त्यांनी त्या पाइपावरचा पितळेचा कॉक बंद करत आणला, बारीक धार ठेवली आणि आत जाऊन पडले. संध्याकाळी माडांना पाणी हवं म्हणून तेच तो पुन्हा उघडत असणार, म्हणून सकाळी सगळं ठीक दिसायचं.

याच अप्पांना मी आठवडाभर विचारत होते, तुम्ही कशाला हात लावलात का? ते शपथेवर नाही म्हणत होते. खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. गेले काही महिने हे वाढलं आहे, आणि ते मी तुमच्या बाबांपासून लपवलं होतं.

बस्त्याव उठला, कॉक उघडला. माझ्याकडे बघितलंही नाही. तेवढ्यात फोन वाजला. तुमचे बाबाच होते, त्यांना मेकॅनिकशीच बोलायचं होतं. मला नको म्हणताही येईना. बस्त्याव परक्या माणसाशी शाळेतलं मराठी बोलतो.

"होय साहेब. पाण्याची वाट अडत होती."

पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. मी पदराचं टोक पिळत उभी.

"नाही साहेब. पुन्हा होणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

त्याने फोन मला परत दिला आणि पाइप आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने जमिनीखालून एक जाड पाइप नेला, थेट घरामागच्या केळींपर्यंत, अप्पांना दिसणार नाही असा. जवळजवळ सगळं पाणी त्यातून जाऊ लागलं. माडांच्या आळ्यात पडायला फक्त एक बारीक फाटा ठेवला आणि त्याला तोच जुना कॉक बसवला. मग अप्पांना हाताला धरून घेऊन आला.

"अप्पानु, ह्यो कॉक रोज तीन वाजता बंद करूक व्हयो. पाणी वाया जाता. ह्या काम तुमचा. विसरा नको हां."

"मला काय सांगतोस रे?" अप्पा म्हणाले. "मी पाटबंधारे खात्यातला आहे."

त्यानंतर यंत्र बंद पडलेलं नाही. आठ दिवस संपले, बाबांनी पुण्याचा विषय काढला नाही. पण अप्पांचं हे विसरणं त्यांच्यापासून लपवणं मला आता झेपत नाही. यंत्र कशाने बंद पडत होतं ते त्यांना कळलं की काय ठरवतील, मला माहीत नाही. तरी हे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. अर्ध्यावर सोडू देऊ नका.

बस्त्याव मात्र अजून येतो, दुरुस्ती काही नसताना, तीनच्या सुमाराला. अप्पा कॉक बंद करून "बंद केला" असं सांगतात. तो "बरा झाला" म्हणतो आणि पाइपांवर हात ठेवून मोजतो. काल मोजून झाल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी फोनवर खरं का नाही सांगितलंस रे?"

चपला घालता घालता तो आपल्या आईचं सांगू लागला. "माझी आवय म्हातारपणी सांज झाली की दाराक कडी घाली. मी भायर आसलंय तरी. हाका मारल्यो तर आतसून म्हणी, माझो झील बोटीर आसा, तू कोण? सुरवातीक मी भांडलंय. मगे पायरीर बसान ऱ्हवाक लागलंय. तिच्या मनात इला काय ती उघडी."

"आणि आता?"

"आता काय, बाई," बस्त्याव म्हणाला. "आता दार उघडाच आसता."