रूथकाकूंचा मटार

रूथकाकू कथा लिहायच्या, पण फक्त मटाराच्या हंगामात. चंदीगडमधल्या आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही हे ठाऊक होतं. काकूंनी पिशवी भरून शेंगा घेतल्या की तो विचारायचा, "आंटी जी, किताब शुरू?"

काकू ऑस्ट्रेलियाच्या, तिकडच्या नावाजलेल्या कथालेखिका. सांगलीच्या अण्णांशी लग्न करून इथे आल्या. अण्णा सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होते. मी शेजारच्या मोहालीत नोकरी करते आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्यामुळे हा कथांचा कारखाना जवळून पाहिला.

कथा इंग्रजीत कागदावर उतरण्याआधी काकू ती अण्णांना त्यांच्याकडूनच शिकलेल्या मराठीत सांगत. अण्णा शेंगा सोलत ऐकत. सोलता सोलता त्यांचा हात थांबला तर कथा पास, नाहीतर नापास. मधेच ते विचारत, "अगं, त्या मेंढपाळाला कुणी चहा तरी विचारला का?" काकू निमूटपणे कथेत चहा घालत. परिणामी त्यांच्या पुस्तकांत ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर जो तो आल्यागेल्याला चहा पाजतो. तिकडच्या एका समीक्षकाने त्यात खोल अर्थ शोधला, तेव्हा अण्णा आठवडाभर हसत होते.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

काकूंच्या बहिणीचा तिकडून रोज फोन, "आता इकडेच ये." थंडी पडली, बाजारात मटार आला, पण काकूंनी शेंगेला हात लावला नाही. आता या जाणार, असं मी धरून चालले. फार वाईट वाटायचं.

परवा त्यांनी मला खाली बोलावलं आणि शेंगांची परात पुढ्यात सरकवली. "सोल. आन् मधनं मधनं विचार की, पुढं काय झालं म्हणून!"

गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. त्याला दवाखान्यातून घरी सोडतात. तो रिक्षातून उतरतो, फाटकाला कडी घालतो आणि बायकोवर करवादतो, "पंखा चालूच ठेवून गेलीस होय?"

"पुढं काय झालं?" मी कसंबसं विचारलं.

"काय व्हायचंय? जेवला, झोपला."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "काकू, ही इंग्रजीत लिहा ना. बहिणीलाही वाचता येईल."

"लिहून बघितली की, पोरी," काकू म्हणाल्या. "इंग्रजीत हे घरी येतच नाहीत. तिकडं कशी जाऊ मी?"