दुधाच्या डब्यांतली मांडुळं

इस्माईलभाईंच्या खोलीत चहा करायचा तर दुधाच्या पावडरचा डबा त्यांना विचारूनच उघडावा लागे. फळीवर डबे पुष्कळ, पण दूध एकातच. बाकीच्यांत वाळू आणि वाळूत मांडुळं. पहिल्याच दिवशी मी चुकीच्या डब्यात चमचा घातला. तेव्हापासून मी कोराच चहा पितो.

साठ सालच्या सुमारास कतारमधल्या दुखानच्या तेलकॅम्पात आम्ही एका खोलीत राहायचो. ते रत्नागिरीकडचे, स्टोअरकीपर. मी चिपळूणचा, कारकून. एका ड्रायव्हरला वाळूत पांढरंफटक मांडूळ सापडलं, ते ह्यांनी मागून आणलं आणि एका तपकिरी मादीबरोबर ठेवलं. अंडी झाली, पिल्लं निघाली, सगळी तपकिरी. अख्खी मेस हसली.

"हसा! रंग गेला नाय, आत बसलाय," इस्माईलभाई म्हणाले.

हे वाक्य मग मी रोज ऐकलं. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर रंग आत बसतो, दोघांकडून आला तरच बाहेर दिसतो, असं त्यांना कंपनीच्या डॉक्टरानं सांगितलं होतं. आता ती तपकिरी पिल्लं मोठी करून त्यांचीच जोडी लावायची होती. त्यात वर्षं गेली. खाऊ म्हणून कॅम्पातली एक पाल त्यांनी शिल्लक ठेवली नाही. या काळात त्यांनी एकदाही रजा घेतली नाही. मला वाटायचं, माणसाला घरच नसावं.

एका सकाळी ते बनियनवरच ओरडत मेसमध्ये आले, "खलास! बाहेर आला!" डब्यात तपकिरी पिल्लांत एक पांढरं वळवळत होतं. इस्माईलभाई रडत होते. त्याच दिवशी त्यांनी रजेचा अर्ज टाकला.

मी त्यांना दोह्याच्या बंदरावर सोडायला गेलो. सामानात तीन डबे होते, झाकणांना भोकं पाडलेले.

"तीन कशाला?"

"एकात पिल्लू, दोनांत त्याचे तपकिरी आयबाप. ते बघितल्याबिगर आमच्या आयला पटायचं कसं?" मग खाली बघत ते म्हणाले, "माझी पोरगी जैनब अशीच हाय. केस, पापण्या, सगळं पांढरं. आय म्हणते, आपल्यात असं कोण नाय, सुनेचाच दोष. बायको सकीना माहेरी बसलीय. डॉक्टर म्हणतो, रंग दोघांकडनं आलाय. आय म्हणते, डोळ्यांनी दाखव."

इतकी वर्षं त्यांच्या डब्यांची मी केवढी थट्टा केली होती!

"बोटीवर कुणी दूध मागितलं तर?" मी आपलं विचारलं.

"सांगीन, नासलंय." ते हसले आणि शिडी चढता चढता वळले. "दोह्यात एक खोली बघून ठेव. येताना तिघं येऊ, इन्शाल्ला. आन् खिडकीला पडदा जाड पायजे हां! पोरीला उजेड सोसत नाय."

बोट सुटेपर्यंत मी हात हलवत उभा होतो. मग तडक बाजारात गेलो आणि सगळ्यांत जाड कापड मागितलं.