अंधाराचे सहलेखक

शहाद्याच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. चांदनी यांच्या नावावर सात सुपरनोव्हांची संशोधन-नोंद आहे. सुपरनोव्हा म्हणजे मरता मरता फुटलेला तारा. जिवंतपणी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, मेल्यावर मात्र त्याच्यावर निबंध निघतात. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही.

चांदनीच्या वडिलांचं, सुमेरमलशेठचं, खापर गावात किराणा दुकान. तिथे मीठमिरची घ्यायला येणाऱ्या दिवलीबाईंच्या पाड्यावर, वर सातपुड्यात, अजून वीज नाही. म्हणून चांदनीने आपली दुर्बीण त्यांच्याच अंगणात मांडली. अंधार इतका चोख की तारा खोकला तरी दिसावा.

जिल्हा गौरव समारंभासाठी तिची नोंद मागवली गेली. अर्जात एक रकाना होता : ‘संशोधनास सहकार्य करणारे घटक’. चांदनी सरळ मनाची. तिने लिहिलं, ‘दिवलीबाईंच्या पाड्यावरचा अंधार.’

घोटाळा इथे झाला.

उजेड देणं न देणं ईश्वराच्या हातात असतं. इथे तर वीज कचेरीच्या उपअभियंत्यांचं नावच ईश्वर. ते स्वतः महाविद्यालयात आले.

“मॅडम, तो अंधार आमचा. इतकी वर्षं आम्ही तिकडे एक खांब जाऊ दिला नाही. सहलेखक म्हणून आमचं नाव पाहिजे.”

“साहेब, तुम्ही तर काहीच केलं नाही.”

“तेच सांगतोय. सातत्याने केलं नाही.”

बातमी फुटली. रस्तेवाल्यांनी कळवलं की रस्ता न केल्यामुळे गाड्यांचे दिवे आकाशात गेले नाहीत. आरोग्यवाल्यांनी कळवलं की रुग्णवाहिका वर न पाठवल्यामुळे तिचा लाल दिवा दुर्बिणीत चमकला नाही. शाळावाल्यांकडे न बांधलेल्या इमारतीचे फोटोसुद्धा होते. समारंभात सगळ्या सहलेखकांना शाल-श्रीफळ मिळालं. चांदनीपर्यंत येईतो शाली संपल्या. तिला नारळ मिळाला.

त्याच उत्साहात पाडा ‘संरक्षित अंधार क्षेत्र’ म्हणून घोषित झाला आणि दिवलीबाईंचा विजेचा अर्ज परत आला. शेरा होता : ‘उजेड दिल्यास विज्ञानाची हानी.’

तो कागद घेऊन दिवलीबाई डोंगर उतरून दुकानात आल्या.

“चांदनीबेन, तुन्हा तारा फुटना, मन्हा बल्ब कुठे शे? मन्ही सून रीना, तिनं पहिलं बाळंतपन मोबाइलना उजेडम्हा झायं. आते तिले परत दिन गयेल शेतस.”

शेठनी तागडी खाली ठेवली. “बेटा, दिवलीबाई आपली जुनी गिऱ्हाईक. आकाशनं दुकान बंद करी टाक.”

दुसऱ्या दिवशी चांदनी जिल्हा गौरव समितीपुढे उभी राहिली. सातही ताऱ्यांची नावं तिने एकदा मनात घेतली, मग म्हणाली, “माझी नोंद रद्द करा. ते तारे नव्हते.”

“मग काय होतं?”

“काजवे.”

समितीने नोंद खोटी ठरवली आणि तर्कशुद्ध निष्कर्ष काढला. संशोधन खोटं, म्हणजे पाड्यावर पुरेसा अंधार नव्हता. अंधार नव्हता म्हणजे उजेड होता. सबब, पाड्याचं विद्युतीकरण पूर्ण. सगळ्या विभागांना पुन्हा शाली मिळाल्या, या वेळी विकासाच्या. चांदनीला खुलासा मागणारी नोटीस मिळाली.

दिवलीबाई तिला घेऊन थेट वीज कचेरीत गेल्या.

“भाऊ, कागदवर वीज उनी. घरम्हा कव्हय येई?”

“मावशी, उजेड इथून निघालाय,” ईश्वरसाहेब खांद्यावरची नवी शाल सारखी करत म्हणाले. “पोचायला वेळ लागतो. मॅडमना विचारा. त्यांचे तारे फुटून कोट्यवधी वर्षं झाली, उजेड आत्ता कुठे पोचला.”

“पण साहेब, ते तारे तर तुम्ही खोटे ठरवले,” चांदनी म्हणाली.

“तारे खोटे. वेग खरा.”

दिवलीबाई बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले. “बेन, तुन्हा तारा बरा. फुटी तरी गया.”

रीनाचं दुसरं बाळंतपण विद्युतीकरण पूर्ण झालेल्या त्याच घरात झालं. मोबाइल चांदनीने धरला होता. मुलगी झाली. तिने डोळे उघडले ते त्या एवढ्याशा उजेडाकडे, आणि चांदनीला वाटलं, आठवी नोंद हीच. ती मात्र तिने कुणाला कळवली नाही.

दरम्यान जिल्ह्याने सहलेखकांची यादी पुन्हा खुली केली आहे, आता नागरिकांसाठी. अर्जाची गरज नाही, पुरावा लागत नाही. पात्रता एकच : सगळं कळूनही काही केलेलं नसावं. आपण इथवर सावकाश, दिव्याखाली बसून वाचलंत. यादीत आपलं नाव बघून घ्या. नसेल असं वाटत नाही.