चंपा दासीचे वकील

एका दासीसाठी गावभर भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ती दासी कधी जन्मालाच आलेली नव्हती. ती एका कादंबरीत राहायची. तिचा वकील मात्र नागावात, माझ्या शेजारच्या वाडीत राहायचा. त्याचं नाव धर्मानाना.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. तळ्याच्या शाळेतून बदली होऊन मी नागावच्या शाळेत आलो, तेव्हा नानांची ओळख आधी आवाजानं झाली. सकाळी रहाटाच्या कुरकुरीबरोबर कोणीतरी खणखणीत सुरात म्हणत होतं, "तेव्हा तो दुष्ट राक्षस विकट हास्य करून वदला..." मी कुंपणावरून डोकावलो. पन्नाशीचा एक गृहस्थ रहाटाच्या दांडीवर बसून गोल गोल फिरत होता. हातात जाडजूड पुस्तक, पुढे बैल. गृहस्थ त्या बैलाला कादंबरी वाचून दाखवत होते. त्यांची मिशी अशी भरघोस की वळणावर आधी ती दिसायची आणि मग नाना.

"बैलाला काय कळतं, नाना?" मी ओळख झाल्यावर विचारलं.

"कलतं त्याला. राजपुत्र संकटात आला का थांबतो." नाना सगळ्यांना एकेरीतच बोलायचे, मामलेदारांनासुद्धा. "तू बग, मास्तर."

मी पाहिलं. बैल थांबायचा हे खरं. पण राजपुत्र संकटात आला की नाना बैलाला हाकायचे विसरायचे, हेही तितकंच खरं.

त्या पुस्तकाचं नाव गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिली पानं कसरीनं खाल्ली होती आणि त्यांच्याबरोबर लेखकही तिच्या पोटात गेला होता. नानांच्या वडिलांनी ते कधीकाळी मुंबईहून आणलेलं, एवढंच कळत होतं. गोष्ट नेहमीची. राक्षसानं राजकन्या पळवून समुद्रातल्या बेटावर ठेवलेली. राजपुत्र गलबत घेऊन तिला सोडवायला निघतो. वाटेत बोलणारा घोडा, दाढीवाला सिद्धपुरुष, अदृश्य करणारी अंगठी, सगळा सरंजाम. आणि किनाऱ्यावर चंपा नावाची एक दासी. राजपुत्र परत येईल तेव्हा त्याला बंदर सापडावं म्हणून ती दिवा घेऊन बसते. बस्, एवढंच तिचं काम. पण कसरीनं खाल्लेल्या त्या लेखकाला तिची फार काळजी. दर चार पानांनी तो राजपुत्राला ऐन धुमश्चक्रीत सोडून मागे फिरतो आणि लिहितो, 'इकडे चंपा दिव्यात तेल घालीत बसली होती.'

मी ती वाक्यं ओलांडून पुढे जायचो. नाना तिथे बैलाला थांबवायचे.

अशी माणसं त्यांना सगळीकडे सापडायची. अलिबागला तंबूत सिनेमा लागला तेव्हा आम्ही बरोबर गेलो होतो. त्यात सुरुवातीला एक म्हातारी नायकाला तांब्याभर पाणी देते. पुढे नायकानं राज्य जिंकलं, लग्न केलं, पडदा पांढरा झाला. लोक उठले. नाना दारावरच्या माणसाजवळ गेले आणि म्हणाले, "त्या म्हातारीचा काय झाला?"

"कोणची म्हातारी?"

"पानी दिला ती. तांब्या परत भेटला का न्हाय तिला?"

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी तंबूच्या दोऱ्यांकडे पाहिलं.

नानांचं घरही त्यांच्यासारखंच होतं. अर्धं कौलारू, अर्धं नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेलं. वाडीचं उत्पन्न बरं होतं, तरी दर वर्षी पावसाच्या तोंडावर नाना घामाघूम होऊन झावळ्या बदलायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, एवढा खटाटोप करता, त्यापेक्षा कौलं का घालत नाही?"

"कौलां येतान."

"कुठून?"

"येतान," एवढंच म्हणून नाना शिडी चढले. एखादा कामचुकार व्यापारी यांना झुलवत असणार, अशी मी समजूत करून घेतली. आतल्या काळोखात त्यांची म्हातारी आई असायची. मी तिचा नुसता आवाज ऐकला होता. उजेडात ती कधी दिसली नाही.

त्या वर्षी नाटकमंडळींनी ठरवलं की चैत्रातल्या जत्रेला पौराणिक नाटक पुरे झालं, आता काहीतरी अद्भुत हवं. अद्भुत म्हणजे नानांचं पुस्तक. आणि त्याचं नाटक करून देणार कोण? लिहिण्याचाच पगार घेणारा गावात मी एकटा होतो.

कादंबरीचं नाटक करताना कोण मोठं व्हायचं आणि कोण लहान, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं अशी माझी भाबडी कल्पना होती. ती पहिल्याच बैठकीत गेली. गॅसबत्त्या राघोशेटच्या, म्हणून राक्षस राघोशेट. कादंबरीतला राक्षस बिचारा थोडक्यात मरतो. माझा राक्षस तिसऱ्या अंकापर्यंत जगला, दोन पदं गायला, आणि राघोशेटची सासू चौलहून नाटकाला येणार असल्यामुळे त्याला एक दानधर्माचा प्रवेशही घालून द्यावा लागला. बोलणारा घोडा शहाणा होता, पण त्याचे मागचे पाय व्हायला कोणी तयार होईना. घोडा गेला. सिद्धपुरुष झालेल्या बाळ्याला पाठांतर नव्हतं पण दाढी खरी होती, म्हणून सिद्धपुरुषाला मौनव्रत दिलं. शेवटी राजपुत्र राक्षसाला मारायला येतो की त्याचे आभार मानायला, असा प्रश्न पडावा, इतका राक्षस मोठा झाला.

आणि चंपा? चंपाला मी कापली. तसं कारणही भक्कम होतं. नाटकात बायका म्हणजे पुरुषच. आणि बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नाही, हा रिवाज. उतरवली तर लोक दारात येऊन विचारणार, कधी वारले? राजकन्या झालेल्या गजा शिंप्याचे वडील मागच्या साली गेले होते, त्यामुळे त्याची अडचण नव्हती. दुसरी बाई गावात निघत नव्हती.

मी लिहिलेलं नाटक नाना वाचायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आले.

"मास्तर, तुजा नाटक बैलाला वाचून दावला."

"मग?"

"येकदा बी थांबला न्हाय."

पुढच्या बैठकीला नाना येऊन बसले आणि चंपाचा खटला उभा राहिला. राघोशेट म्हणाले, "नाना, ती काय करते काय? नुसती बसते."

"बसते म्हनून तो परत येतो."

"अहो, तो शूर आहे म्हणून परत येतो."

"शूर लय बुडालं, शेट. बंदर सापडाया लागतं."

मग मिशांची चाचपणी झाली. एकेक जण म्हणू लागला, "आमचे वडील आहेत." वडीलही तिथेच बसले होते, तेही माना डोलावत होते. वाद काही मिटेना. मला घरी जायची घाई होती, आणि थट्टेची खुमखुमी तर जन्माचीच.

मी म्हटलं, "नाना, एवढा पुळका आहे तर तुम्हीच उभे राहा की. पन्नाशीच्या माणसाला मिशी काढायला कोणाची आडकाठी?"

मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही. राघोशेट उगाच चंचीतली सुपारी चाचपू लागले. नानांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "माजा बापूस जिता हाय, मास्तर." आणि उठून गेले.

मग राघोशेटनी मला सांगितलं. नानांचे वडील गलबतावर तांडेल होते. नाना लहान असताना ते मंगळूरला गेले, कौलं भरून आणायला. त्यातली निम्मी आपल्या घरावर घालायची असं बायकोला सांगून गेले. गलबत पोचल्याचा निरोप आला, निघाल्याचाही आला. त्यानंतर काही नाही. फळी नाही, शीड नाही, माणूस नाही. बरोबरच्या खलाशांच्या घरच्यांनी वर्षभर वाट पाहून दिवस केले. या घरानं केले नाहीत. "म्हातारी अजून कुंकू लावते," राघोशेट म्हणाले. "धर्मा मिशी ठेवतो. आम्ही कोणी बोलत नाही."

मी घरी आलो तो मान खाली घालूनच. कुंपणापलीकडे झावळ्यांचं ते अर्धं छप्पर दिसत होतं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या सकाळी नानाच आले. राग वगैरे काही नव्हता. "मास्तर, चंपाला मी उभा ऱ्हातो. मिशी ऱ्हानार."

"मिशीची दासी?"

"पदर हाय ना. मना बोलाया येक शब्द बी नको. कोपऱ्यात दिवा घेऊन बसतो. पयल्या अंकापासून."

माझ्यानं नाही म्हणवलं नाही. शेवटी चंपाच्या तोंडी एक वाक्य मात्र मी पुस्तकातलंच ठेवलं.

जत्रेच्या रात्री पडदा वर गेला. एका कोपऱ्यात आईचं हिरवं लुगडं नेसून नाना समईपाशी बसले होते. पदर दातांत धरलेला, आणि पदराच्या दोन्ही बाजूंनी मिशीची टोकं बाहेर. प्रेक्षक जे हसले, ते राजपुत्राचा पहिला प्रवेश आटपेपर्यंत हसतच होते. नाना ढिम्म. त्यांनी दिव्यात तेल घातलं.

राक्षस आला, गायला, त्यानं दानधर्म केला. पुढे बसलेली सासू मात्र सारखी कोपऱ्याकडे बघत होती. वारा सुटला होता आणि ज्योत हलत होती. नाना ओंजळ कधी या बाजूनं धरायचे, कधी त्या. हळूहळू सगळेच तिकडे बघू लागले. राघोशेटनी ठरल्यापेक्षा मोठ्यानं विकट हास्य केलं. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "गप रे, तिचा दिवा विझंल."

तिसऱ्या अंकात राक्षस मेला. चांगला ऐसपैस मेला, पण टाळी एकही पडली नाही. राघोशेट पडले तसे उठले, "माझ्या बत्त्या," म्हणाले, आणि दोन्ही गॅसबत्त्या उतरवून तरातरा घरी चालते झाले. सासू बसूनच राहिली.

रंगमंचावर काळोख झाला. राहिली फक्त चंपाची समई. पुठ्ठ्याचं गलबत घेऊन राजपुत्र आणि गजा शिंपी विंगेत चाचपडत होते. त्यांना खरोखरच वाट दिसत नव्हती. ते त्या दिव्याच्या रोखानं आले. नाना उठले. पदर दातांतून सुटला, मिशी सगळी उघडी पडली. कोणी हसलं नाही.

"या," नाना पुस्तकातलं वाक्य म्हणाले. "उशीर झाला म्हणून काय झालं. दिवा आहे."

प्रॉम्प्टरचं बाड माझ्या हातात होतं, पण पुढचं काही मला वाचता येईना. पुढचं काही नव्हतंही.

लोक उठले, पांगले. पहिल्या चटईवर एक म्हातारी तेवढी बसून होती. समईच्या उजेडात मी नानांच्या आईला प्रथमच पाहिलं. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं हातानं लेकाला जवळ बोलावलं. नाना लुगडं सावरत, दिवा घेऊन तिच्यापाशी गेले.

"वात बारीक ठेवलीस," ती म्हणाली. "लांबून दिसनार न्हाय."

"व्हय, आये," नाना म्हणाले. नाटक संपलं होतं. तरी त्यांनी खाली बसून वात पुढे सारली.