नमुना घर

पाणी मोजायला निघालेल्या माणसाच्याच घरचे पाणी संपते, ही कथा विद्यापीठाच्या वसाहतीत तीन रूपांत सांगितली जाते. वसतिगृहातल्या रूपात सर टाकीत पडतात. कार्यालयातल्या रूपात ते पडत नाहीत, पण त्यांच्या पत्नीला मुंडन करावे लागते. (बाईंचे केस आजही भरघोस आहेत, हे या रूपाविरुद्ध पुरेसे प्रमाण आहे.) तिसरे रूप खुद्द सर सांगतात. त्यात त्यांचा मूर्खपणा आधीच्या दोन्ही रूपांहून अधिक आहे आणि कोणीही स्वतःला विनाकारण इतके मूर्ख ठरवत नसल्यामुळे तेच अस्सल मानणे भाग आहे.

सर पाणीपुरवठ्याचे शास्त्र शिकवत. वसाहतीला पाणी पुरते की नाही हे ठरवण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा ते ओघानेच अध्यक्ष झाले. पाणी पुरत नाही असे ठरले तर नवी टाकी मिळणार होती. त्यामुळे सर घरोघरी विचारत फिरले तेव्हा प्रत्येक दारात एकच उत्तर मिळाले: पुरत नाही. नळाखाली बादली भरून वाहत असतानाही ते तितक्याच कळकळीने मिळाले.

सरांचा बोलण्यावर विश्वास नव्हता, मोजमापावर होता. त्यांनी स्वतःच्या घराला 'नमुना घर' घोषित केले, नळाला मीटर बसवला आणि पाणी साठवण्यास मनाई केली. साठवले की खरा वापर कळत नाही, हे त्यांचे तत्त्व. न्हाणीघरातले पिंप पालथे झाले. हंडे माळ्यावर गेले.

"अहो, एखादी तरी बादली भरून ठेवू दे," बाई म्हणाल्या.

"एका बादलीनं सगळा अभ्यास बिघडतो."

"आणि पाणी गेलं तर?"

"जाईल कसं? मी आहे ना!" (हे वाक्य सांगताना सर आजही स्वतःचे कान पकडतात.)

मग गळतीच्या चाचणीचा दिवस ठरला. उंच टाकी काठोकाठ भरायची, पंप थांबवायचा, अकरा वाजल्यापासून वसाहतीतले सगळे नळ बंद ठेवायचे आणि तरीही टाकीतली पातळी किती उतरते ते पाहायचे. टाकी पहाटेच भरून पंप थांबला होता. 'तत्पूर्वी गरजेपुरते पाणी भरून ठेवावे' अशी सूचना सरांनी स्वतःच्या सहीने सर्वत्र लावली होती.

नेमकी त्याच दिवशी बाईंची मुलाखत होती. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहाय्यक होत्या आणि मुख्य ग्रंथपालाची जागा पुन्हा रिकामी झाली होती. मागच्या खेपेस निवड समितीतल्या एका गृहस्थांनी त्यांच्या केसांकडे पाहून "निवृत्तीला किती राहिली?" असे विचारले होते. ते बाईंच्या मनाला लागले होते. तेव्हा या वेळी कलप लावायचा, हा निश्चय. नऊला लावायचा, अर्ध्या तासाने धुवायचा, अकराच्या आत घराबाहेर पडायचे.

"साडेनऊला पाणी असेल ना नक्की?"

"अगं, टाकी काठोकाठ भरली आहे. अगदी खुशाल लाव."

बाईंनी खुशाल लावला. साडेनऊला नळ उघडला, तर तो दोनदा खोकला आणि गप्प झाला.

सरांनी पंपवाल्याला फोन केला.

"टाकी रिकामी आहे, साहेब."

"रिकामी? गळती एवढी?"

"गळती कसली! तुमची सूचना वाचून सकाळपासून सगळी वसाहत भरतेय. आता पंप लावतो, पण वर नळाला पाणी यायला संध्याकाळ होईल."

म्हणजे त्या सकाळी वसाहतीत पाणी मुबलक होते. फक्त ते टाकीत नव्हते आणि नमुना घरात नव्हते. मीटरवरचा काटा स्थिर होता. वापर शून्य, ही नोंद करण्याचा मोह सरांना क्षणभर झाला, असे ते स्वतःच कबूल करतात.

ते पुरवठ्याची कारणमीमांसा सांगू लागले, तेव्हा त्यांच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी त्यांना थांबवले. "जावईबापू, पाणी आहे की नाही एवढंच सांगा. ते पुरेसं आहे का, ते मागाहून बघू."

सर बादली घेऊन निघाले. समोरच संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहत. दार किलकिले झाले. त्यांच्या मागे पिंप, टब, कुकर, एवढेच काय फुलदाणीसुद्धा काठोकाठ भरलेली दिसत होती.

"बादलीभर पाणी मिळेल का?"

"कुठलं पाणी, सर! थेंब नाही. लिहून घ्या."

"लिहायला नाही आलो हो. मला खरंच हवंय!"

"कळलं, कळलं. अशी अचानक तपासणीच बरी. लोक फार खोटं बोलतात." आणि दार लागले.

खालच्या मजल्यावर कुलसचिवांच्या पत्नी होत्या. सगळी वसाहत त्यांना वहिनी म्हणे. दारातच दोन भरलेल्या बादल्या होत्या. सरांना पाहताच त्या बादल्यांपुढे पदर पसरून उभ्या राहिल्या.

"वहिनी, त्या बादल्यांत..."

"काही नाही हो. नुसत्या ओल्या आहेत."

"हिच्या डोक्याला कलप आहे, वहिनी. मुलाखतीला जायचंय."

वहिनी विरघळल्या. "अगं बाई! नेता का मग एक? पण मी तुम्हाला पाणी पुरत नाही म्हणून सांगितलंय. हे अहवालात नाही ना घालणार? तेवढा शब्द द्या."

इथे एक 'नाही' पुरे होते. परंतु दिसलेली गोष्ट नोंदवणार नाही, असा शब्द सरांनी जन्मात कोणाला दिला नव्हता. ते घुटमळले. "म्हणजे, तुमचा उल्लेख टाळून, एकूण साठ्याच्या संदर्भात..."

दार लागले.

सर रिकामी बादली घेऊन वर आले, तेव्हा सव्वादहा झाले होते. कलपाचा एक ओघळ बाईंच्या कपाळावरून भुवईकडे निघाला होता. बाईंनी रिकाम्या बादलीत एकदा डोकावून पाहिले. (सरांच्या मते हा प्रसंगातला सर्वांत भयंकर भाग.) त्यांनी डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि त्या हात हलवत बाहेर पडल्या. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात परत आल्या, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन. एक लाल, समोरची. एक निळी, खालची.

"काय सांगितलंस त्यांना?" सरांनी चकित होऊन विचारले.

"सांगितलं, आमचे हे घरात नाहीत."

सासूबाईंनी तांब्याने पाणी घातले, बाईंनी डोके धुतले आणि अकराला पाच कमी असताना त्या ओल्या, काळ्याभोर केसांनी घराबाहेर पडल्या. निवड त्यांचीच झाली. निवृत्तीचे कोणी विचारले नाही.

संध्याकाळी नळाला पाणी आले. बादल्या पोचवण्याचे काम साहजिकच सरांकडे आले. त्यांनी समोरची घंटा वाजवली.

संख्याशास्त्रज्ञांनी लाल बादलीकडे अनोळखी नजरेने पाहिले. "आमची नाही ही."

"अहो, सकाळी तुमच्याकडूनच हिनं..."

"आमच्याकडे पाणीच नव्हतं, सर. मग भरलेली बादली आमची कशी असेल?"

सर खाली गेले. निळ्या बादलीच्या बुडाशी वहिनींच्या घराचा क्रमांक ऑइल पेंटने ठळक रंगवलेला होता. सरांनी तो दाखवला.

"क्रमांकाचं काय घेऊन बसलात," वहिनी म्हणाल्या. "तो कुणीही काढेल. न्या तुम्ही. आणि टाकीचं बघा तेवढं."

सर दोन्ही बादल्या घेऊन पुन्हा वर आले. सासूबाईंनी दार उघडले, बादल्यांकडे पाहिले, जावयाकडे पाहिले.

"चला, अभ्यासातून काहीतरी हाती लागलं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि बादल्या आत नेऊन त्यांनी नळाखाली भरायला लावल्या.